मामीच्या देव्हाऱ्यातला उंदीर

तीन वर्षांपूर्वीची माघी गणेश जयंती. रक्कम एक्कावन्न रुपये. जागा कल्याणजवळच्या मोहन्यातली मामीची खोली. हजर आम्ही दोघंच — मामी आणि मी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी नेत्सुके जमवतो. जुन्या जपानी पोशाखाला खिसे नसत. कमरपट्ट्याला पिशवी अडकवायची तर दोरीच्या टोकाला अंगठ्याएवढी कोरलेली वस्तू लावत — ती नेत्सुके. माझ्याकडे फक्त लाकडी प्राणी आहेत. तेव्हा डोंबिवलीच्या घरी काचेच्या कपाटात सतरा होते, प्रत्येकाची पावती जपलेली. व्यवहारात मी कुणाचा रुपया बुडवलेला नाही. म्हणूनच हे सांगायला इतका वेळ लागला — की आणखी कशामुळे?

अठरावा मामीच्या देव्हाऱ्यात होता. मामा रेयॉनच्या कारखान्यात फिटर होते. मशीन बसवायला आलेल्या एका जपानी इंजिनिअरने जाताना त्यांना लाकडी उंदीर दिला होता. मामीने तो गणपतीपुढे ठेवला, आणि तेव्हापासून रोज गणपतीबरोबर त्यालाही हळदकुंकू. लहानपणापासून मी तो बघत आलो होतो. पण हातात घेतला त्या दिवशीच. उलटा केला. पोटाला दोन भोकं, दोरीने कडा झिजलेल्या — अस्सल.

आधी मी पैसे देऊ केले, हे खरं आहे. वीस हजार म्हणालो. मामी हसायलाच लागली. "देव विकत मागतोस होय रे बाळू? उद्या गणपतीचाही भाव करशील!"

तिथे थांबायला हवं होतं.

"मामी, याच्या पोटाला भोकं आहेत," मी म्हणालो. "खंडित आहे हा. देव्हाऱ्यात ठेवू नये."

तिचं हसू गेलं. तिने भिंतीवरच्या नितीनच्या फोटोकडे पाहिलं. नितीन तिचा एकुलता एक. बाविसाव्या वर्षी काविळीने गेला.

"इतकी वर्षं मी खंडित पुजलं? — म्हणून का रे माझा नितीन…?"

एक 'नाही' पुरे होतं. तेवढं का नाही निघालं तोंडातून? — कारण 'नाही' म्हटलं असतं तर उंदीर देव्हाऱ्यातच राहिला असता. तिने तो लाल कापडात बांधला, नारळ-फुलांसाठी एक्कावन्न रुपये माझ्या हातावर ठेवले. "नदीत नीट सोड हं. फेकू नको."

मी तो घरी आणला. कापसाच्या काडीने कुंकू काढलं. उजव्या कानातलं निघालं नाही.

त्यानंतर मामी भेटेल त्याला सांगत राहिली — बारशाला, साखरपुड्याला — की पोरगा माझ्याच हातून गेला. लोक समजूत घालत. तिने भात सोडला, उपास वाढवले. मी त्याच पंगतीत बसून जेवत होतो. दर वेळी वाटायचं, आज सांगू. काय सांगणार होतो? की तुझ्या देवात काही खोट नव्हती, खोट माझ्यात होती — हे पान वाढलेलं असताना सांगू? आणि पान उचलल्यावर तरी कुठे सांगितलं?

गेल्या वर्षी तिला कल्याणच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. मी उंदीर खिशात घालून गेलो. तिने माझा एक हात धरला. "तू होतास म्हणून कळलं रे," म्हणाली. "नाहीतर तशीच पुजत मेले असते." दुसरा हात माझ्या खिशात होता. मुठीत उंदीर. मूठ मी बाहेर काढली नाही.

दोन दिवसांनी मामी गेली.

उंदीर कपाटात आहे. नारळ मी कधी घेतलाच नव्हता. ते एक्कावन्न रुपये दहाव्याला गुरुजींच्या ताटात ठेवले. मामीला काहीच दिलं नाही.