आमोसमामांची चांदणी

सोनईत आमच्या गल्लीतली सगळी घरं एकाच योजनेतली. तीच निळी दारं, तसाच सिमेंटचा ओटा, वर तीच काळी टाकी. सगळ्या घरांचं वायरिंग शेजारच्या आमोसमामांनी केलेलं. लाईट गेली की मामा लांबूनच ओरडायचे, "कुणी हात लावू नका, मी आलो!"

आता मामांना विसर पडतो. पावसाळ्यात एकदा ते स्वतःचं घर ओलांडून तसेच पुढं चालत गेले. तेव्हापासून स्टेलामामींनी दारावर नाताळची लाल चांदणी टांगून ठेवली, रोज दिवेलागणीला लावायची. "चांदणी दिसली की थांबायचं," एवढंच त्यांना शिकवलं. ते जमलंही, कारण गल्लीत दुसरी चांदणी नव्हती.

डिसेंबर लागला तसं आम्हीही हौसेनं आपापल्या चांदण्या टांगल्या. मामांचा घोळ होईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

टांगल्या त्याच संध्याकाळी मामी माझ्या दारात आल्या. पायात चप्पल नव्हती.

"दया, हे तुझ्याकडं आलेत का गं? दळण आणायला गेल्ते मी, तेवढ्यात..."

गल्लीच्या टोकाला पाट आहे आणि त्याला पाणी सुटलेलं होतं. माझा नवरा गाडी काढून तिकडं गेला.

मी गल्लीत धावले आणि मधेच थांबले. प्रत्येक दारावर लाल चांदणी. लग्न होऊन आले तेव्हापासून इथं राहते, पण मागं वळून पाहिलं तर माझं दार कोणतं, मलाच कळेना. मामांना रोज असंच दिसत असेल? "प्रभू, त्यांना पाण्याकडं जाऊ देऊ नको," एवढंच मी पुटपुटत होते.

मामी एकदम ओरडल्या, "चांदण्या बंद करा! माझी सोडून समद्या बंद करा!"

"का गं मामी, नाताळ रद्द केला का यंदा?" समोरची एंजल हसली. मग मामींचं तोंड बघून बटणाकडं पळाली.

एकेक चांदणी विझत गेली. मागच्या गल्लीतही निरोप पोचला. अंधार झाला आणि पाटाचं पाणी ऐकू यायला लागलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कुणी हात लावू नका! फ्यूज उडाला असंल, मी आलो!"

मागच्या गल्लीत नवीन भाडेकरूंच्या ओट्यावर, त्यांच्या चांदणीखाली मामा बसले होते. म्हातारं माणूस टेकलंय, टेकू दे, असं त्या लोकांना वाटलं होतं. आता ते भिंत चाचपत उरलेल्या एकाच उजेडाकडं आले. मामींनी धावत जाऊन त्यांचा हात धरला. मामांनी तो हळूच सोडवून घेतला.

"बाई, तुमचीच लाईट बरी राहिली. मेन स्विच कुठंय?"

मामी पदर सारखा करून म्हणाल्या, "या ना, दाखवते."

दोघं आत गेली. आतून मेन स्विचचा खटका वाजला आणि मामींची चांदणी विझली. ती परत लागेपर्यंत मी ओट्यापाशीच उभी होते.