हलकं खोकं

रोह्यातलं नवं घर अर्धं बांधून झालं आणि बायको गेली. पुण्याहून आलेली मुलगी तेरावं झाल्यावर म्हणाली, "बाबा, मी आता इथूनच काम करते." तिच्या कंपनीने नव्या घरात एक महिना बघू म्हटलं. मीटिंगमध्ये आवाज तुटला नाही तर कायमची परवानगी, नाहीतर परत पुणं. मी तोंडाने म्हटलं, "तुझं तू बघ." पण तिने राहावं म्हणून माझा जीव तीळतीळ तुटत होता.

तिची खोली वरच्या मजल्यावर. वायफाय जिन्यातच दम टाकील, म्हणून भिंतीतून इंटरनेटची केबल न्यायची ठरली. ती म्हणाली, "कॅट-सिक्स आणा. आतून पूर्ण तांब्याची हवी, तेवढं बघा." मी एसटीने पेणला गेलो. दुकानदाराने सिक्सचं खोकं काढलं, शेजारी सेव्हनचं ठेवलं. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला सहापेक्षा सात मोठे, हे कुणी सांगायला हवं का? सेव्हन उचललं. तांब्याचं विचारायचं राहून गेलं. खरं तर विचारायची मला सवयच नव्हती, मी उत्तरं देणारा माणूस.

वायरिंगचं काम माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे होतं. खांब गावचा, चाळिशी ओलांडलेला. वायरिंग शिकण्याआधी तो पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला होता. त्याने खोकं दोन्ही हातांनी उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"सर, हलकं हाय."

"अरे, नवं तंत्रज्ञान हलकंच असतं," मी म्हटलं. "कॅट-सेव्हन आहे ते."

"व्हय सर," तो म्हणाला आणि कामाला लागला. जिन्याच्या भिंतीत त्याने एकाऐवजी दोन पाइप टाकले. एकातून माझी केबल ओढली, दुसऱ्यात नुसती नायलॉनची दोरी घालून ठेवली. ती कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर, पडून." मुलगी तिथेच उभी होती. तिने खोक्यावरचा आकडा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि चहा आणायला निघून गेली.

घर पुरं झालं, आम्ही राहायला आलो. स्वयंपाक मी करायचो आणि मुलगी पानात पडेल ते मुकाट्याने जेवायची. मला वाटे, हाताला चव आली. वरून मात्र दिवसभर तिचा आवाज यायचा, "ऐकू येतंय का? हॅलो, आता येतंय?" दुसऱ्या आठवड्यात तिने माळ्यावरची बॅग खाली काढली. पुसून कोपऱ्यात ठेवली.

मी लगेच त्याच वायरमनला बोलावलं. त्याने वरचा पॉइंट उघडला, केबलमधली एक तार ब्लेडने खरवडली. वरून तांबडी, आतून पांढरी. दोनदा वाकवली तर तुटून हातात आली.

"अ‍ॅल्युमिनियम हाय सर. वर नुसता तांब्याचा मुलामा."

"तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"कारखान्यात मूर्ती रंगल्यावर शाडूची का प्लास्टरची, डोळ्याला दिसत नाय. उचलून कळतं. तीच सवय."

मी भडकलो. "मग बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं?"

तो खाली बघून हसला. "सर, आठवीत फळ्यावर तुमचं उत्तर चुकल्यालं. मी बोल्लो. तुम्ही मला तासभर भायेर उभा केलात."

मला आठवेना. किती आठवलं तरी आठवेना, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. "खरंच चुकलं होतं?" मी विचारलं. तो म्हणाला, "व्हय." त्यात राग नव्हता.

मुलगी दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "तुलाही माहीत होतं."

"मी एकदा सांगितलं होतं बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला दुसऱ्यांदा सांगायला आईसुद्धा धजत नव्हती."

दुसऱ्या दिवशी मी वायरमनबरोबर पेणला गेलो. त्याने खोकी उचलून पाहिली, त्यातल्या जड सिक्सची एक तार खरवडून दुकानदाराच्या नाकासमोर धरली, आतूनही तांबडी. मी पिशवी धरून मागे उभा राहिलो. घरी येऊन तो वरून दोरी ओढत होता आणि मी जिन्याखाली बसून रिकाम्या पाइपात केबल सरकवत होतो. तो "सोडा सर" म्हणाला की मी सोडायचो, "थांबा" म्हणाला की थांबायचो. काम झाल्यावर मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी तुला बाहेर उभं केलं ते माझं चुकलं." तो गडबडला आणि पक्कड शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.

त्यानंतर वरून "ऐकू येतंय का" कधी आलं नाही. तरी बॅग तशीच कोपऱ्यात होती आणि महिना संपायला चार दिवस उरले होते. दुपारी आम्ही जेवायला बसलो. मुलीने पहिला घास घेतला, थांबली, माझ्याकडे बघितलं.

"बाबा, आमटी खारट झालीय. रोजच होते."

मी चाखून पाहिली. होती. मी उठलो, आमटीत पाणी घातलं आणि पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं. ती राहणार हे मला कंपनीच्या आधी कळलं.