महालक्ष्म्यांपुढची सरहद्द

"फेकू नगं, लागंल."

अक्कांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. लातूरला त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आले त्या दिवशी मी रिकामी तेलाची बाटली कचऱ्यात टाकत होते. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, उन्हात धरून पाहिली, झाकण काढून पदराला पुसलं आणि खाली गेल्या. मी नांदेडहून नोकरीसाठी आलेली, एका शाळेत लहान मुलांना शिकवणारी, फारसं न बोलणारी भाडेकरू. घरमालकिणीला काय म्हणायचं हेही मला ठरवता येत नव्हतं. सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या घरातून काहीच बाहेर जात नाही. अक्कांच्या माळ्यावर आगपेट्या, चहाच्या पाकिटांची चांदी, फुटक्या बांगड्या आणि तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या असं सगळं वेगवेगळ्या डब्यांत असायचं. हे सगळं वर्षातून एकदा बाहेर यायचं, भाद्रपदातल्या गौरी-महालक्ष्म्यांपुढचा देखावा करायला. एका वर्षी त्यांनी उदगीरचा, म्हणजे माहेरचा, बाजार केला होता. एका वर्षी लग्नाचा मांडव. ते बघायला चार गल्ल्यांतल्या बायका यायच्या.

त्या वर्षी त्या म्हणाल्या, "औंदा सरहद्द करायची."

त्यांचा एकुलता मुलगा फौजेत होता आणि तिकडेच होता. तिकडे वातावरण तापलेलं होतं. त्याचा फोन लागत नव्हता. खाली किराणा दुकानात आप्पा, म्हणजे अक्कांचे यजमान, गळ्यातल्या, शिवलिंग ठेवलेल्या चांदीच्या चौक्यावर हात ठेवून बातम्या बघत बसायचे. अक्का आल्या की टीव्ही बंद करायच्या. त्या गेल्या की आप्पा पुन्हा लावायचे, आवाज बंद करून.

"सरहद्दच कशाला, अक्का?" मी विचारलं.

"डोळ्याम्होरं असलं की जीव थाऱ्यावर राहतो. तू ये की हाताखाली. नुसती वरून काय बघलालीस?"

मी शाळेत असताना याला डायोरामा म्हणायचे. आम्ही थर्माकोल, रंग, प्लॅस्टिकची झाडं सगळं दुकानातून आणायचो आणि बऱ्याचदा आईच तो पूर्ण करायची. अक्कांनी मात्र पाट आणि घमेली उपडी मांडली. आप्पांच्या दुकानातलं बारदान मैद्याच्या खळीत बुडवून त्यांवर पसरलं, चिमटे काढत काढत त्याचे डोंगर केले. वाळल्यावर शिखरांवर कापूस पिंजून लावला. मंजिऱ्यांची झाडं झाली. चहाच्या वाळवलेल्या चोथ्याचा रस्ता झाला. भांडी घासायची तारेची घासणी ओढून लांब केली, तर हुबेहूब काटेरी कुंपण. आप्पांच्या जुन्या धोतराच्या चिंध्यांत कोंडा भरून आम्ही बोटाएवढ्या पिशव्या शिवल्या आणि आगपेट्यांच्या चौकीभोवती रचल्या.

माझं काम फोनवर तिकडचे फोटो शोधून दाखवायचं. जळकी घरं, पडलेल्या भिंती आल्या की मी बोट भराभर फिरवायचे. एकदा अक्का म्हणाल्या, "पोरी, ते मधले बी बघितलेत गं मी." आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागल्या.

चौकी झाल्यावर त्यांनी तिच्यामागं दोन काड्यांना दोरा बांधला आणि त्यावर टिकलीएवढे मोजे वाळत घातले. मग चहाच्या चांदीचा इवलासा तवा आला. तेलाच्या बाटलीचं एक खोलगट काळं झाकण आलं, ती पाण्याची टाकी.

आप्पा दारातून बघत होते. "लढाई हाय का लगीन हाय हे?"

"लढाईत माणसं पाणी पीत न्हाईत व्हय?"

"मग बंदुका कुठायत?"

"तुमच्या टीव्हीत हायत की. तिथं बघा."

महालक्ष्म्या यायच्या दिवशी फुलोऱ्याचं तळण झालं. देवींच्या डोक्यावर टांगायच्या करंज्या, वेणी, फणी. उरलेल्या गुळाच्या कणकेचे अक्कांनी जवान केले आणि तेही तळून काढले. तळल्यावर ते फुगले. सगळे जवान गुबगुबीत. अक्कांना ते फार आवडलं. "बघ, कसे खाऊन-पिऊन सुखी दिसालेत." सगळ्यांत उंच होता तो त्यांनी पहाऱ्यावर उभा केला. तो कोण, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण दिव्यात तेल घालायला गेल्या की त्या आधी त्याच्याकडं बघायच्या, मग देवींकडं.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी, मी पहाटे फुलं घेऊन खाली गेले. अक्का न्हाणीत होत्या. पहाऱ्यावर कुणी नव्हतं.

कापसावर बारीक पावलं उमटली होती. कोंड्याची एक पिशवी कुरतडलेली. गुळाच्या कणकेचे जवान रात्रभर उघड्यावर ठेवले, उंदराला याहून सरळ निमंत्रण कोणतं? पण हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मला फक्त ती रिकामी जागा दिसत होती. मी काही शकुन मानणारी नाही. तरीही न्हाणीतलं पाणी थांबायच्या आत त्या जागी कुणीतरी उभं असलं पाहिजे, एवढंच मला कळत होतं. पुरणपोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेतला गोळा मी चोरला. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या स्वयंपाकघरात न विचारता शिरले होते. हात, पाय, डोकं. तळायला वेळ नव्हता. माझा जवान कच्चा, पांढराफटक, एका बाजूला कललेला. त्याला काडीचा टेकू देऊन उभा केला.

अक्का ओले केस बांधत आल्या. दिव्यात तेल घालायच्या आधी तिकडं बघितलं. पळी हातातच राहिली.

मी फुलं निवडत होते. तीच तीच फुलं.

त्या म्हणाल्या, "ह्याची झोप झालेली न्हाई वाटतं."

"हो, अक्का."

"गणपतीच्या वाहनाला काय बोलावं? त्याला बी भूक असती." त्यांनी माझ्या बोटांना लागलेली कणीक पाहिली, आणि त्या रडतील असं वाटलं. पण त्यांनी फक्त कललेल्या जवानाला बोटानं सरळ केलं. तो पुन्हा कलला.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. एकीनं चष्मा वर करून विचारलं, "अक्का, दुश्मन दिसंना कुठं?"

"त्याला हळदीकुंकवाला बोलवलं न्हाई."

सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या. हसताना त्यांचा हात कमरेला खोचलेल्या बटणांच्या फोनवर होता. दिवसभर तो तिथंच होता. कुणाचाही फोन वाजला की त्या हात पदराला पुसायच्या.

तिसऱ्या दिवशी, पाठवणीच्या आधी, तो खरंच वाजला.

अक्कांना बटण सापडेना. मी दाबून दिलं आणि स्पीकर लावला.

"अव्वा, बरा हाय मी. नेटवर्कच नव्हतं."

आप्पा दुकान तसंच उघडं टाकून आत आले होते.

"जेवलास का?" अक्कांचा आवाज एकदम रोजच्यासारखा.

"हाव. इथं काय न्हाई बग, लई निवांत हाय." मागून कुणीतरी जोरात ओरडलं. तो क्षणभर थांबला. "औंदा काय केलंय महालक्ष्म्यांम्होरं?"

अक्कांनी डोंगरांकडं पाहिलं. चौकीकडं, कुंपणाकडं. मग आप्पांच्या गळ्याकडं.

"कैलास," त्या म्हणाल्या. "कैलास केलाय औंदा."

"मग फोटो धाडा की वरच्या मॅडमच्या फोनवरून. मिळंल तेव्हा बघतो."

फोन कटला.

"आता?" आप्पा म्हणाले.

"आता काय? करा कैलास!"

पाठवणीचा मुहूर्त तोंडावर आला होता आणि आम्ही सरहद्द उचकटत होतो. आप्पांनी देवघरातली पिंड आणि नंदी आणला. कुंपण गुंडाळलं, मोजे काढले, चौकी गेली. तिथं नंदी बसला. गुबगुबीत जवान अक्कांनी डोंगरामागं ओळीनं निजवले. "जरा आराम करा रे." माझा कललेला जवान मी टाकायला उचलला, तर त्यांनी हात धरला.

"फेकू नगं. हा तसा बी शंकराचा गणच दिसतोय."

तो पिंडीशेजारी उभा राहिला. मी फोटो काढला, पाठवला. मग अक्कांनी देवींवर अक्षता टाकल्या आणि मुखवटे हलवले.

फोटोखाली एकच टिक होती. दुसऱ्या दिवशीही एकच. अक्कांचे गुडघे दुखायचे, त्या कधी वर येत नसत. आता रोज सकाळी जिन्यावर त्यांचा श्वास ऐकू यायचा. "गेला का गं?" मी नकारार्थी मान हलवायचे. शाळेत मी वर्गाकडं पाठ करून फोन बघायला लागले. आप्पांनी टीव्ही लावणं बंद केलं होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

मग एका दुपारी, मधल्या सुट्टीत, उत्तर आलं.

"मॅडम, कैलासावर पाण्याची टाकी कुणी ठेवली? मला कळलं म्हणून अव्वाला सांगू नका. लई भारी झालाय म्हणा."

मी फोटो मोठा करून पाहिला. नंदीच्या मागं, डोंगराच्या आडोशाला, तेलाच्या बाटलीचं काळं झाकण.

संध्याकाळी अक्का ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी म्हटलं, "उत्तर आलं. लई भारी झालाय म्हणतो."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग शेंगांची टरफलं एका बाजूला करत, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "टाकी दिसली न्हाई न त्याला?"

"नाही, अक्का."

"बरं झालं." एक शेंग फुटली. "फोटू काढताना दिसली हुती मला. पण म्हटलं, ऱ्हाऊ दे. पाण्याबिगर कसं ऱ्हातील?"

आता मी नांदेडला परत आलेय. अक्कांचा मुलगा अजून तिकडंच असतो. बातम्यांत पुन्हा काही सुरू झालं की मी त्या फोटोवर जाऊन येते. खोली सोडताना अक्कांनी डब्यात शेंगांची चटणी दिली होती, आणि डबा रिकामा झाल्यावर तळाशी ते काळं झाकण निघालं. ते माझ्या खिडकीत असतं. परवा झाडता झाडता आईनं ते उचललं आणि सुपलीत टाकलं.

"फेकू नगं," मी म्हटलं. "लागंल."

आई माझ्याकडं बघतच राहिली. असं मी कधी बोलत नाही.