फुकट चालेल, चोरीचं नको

कॉम्प्युटरवाल्यांचे किस्से पंख्याच्या पात्यावरच्या धुळीसारखे साठतात. रोज काही दिसत नाही, आणि एक दिवस पुसायला घेतलं की बादली काळी होते! आमचे बहुतेक किस्से बारामतीतल्या तात्यांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. समोरच माझा कॉम्प्युटर क्लास होता, पण लाइट गेली की क्लास बंद, आणि तात्यांकडे जनरेटर! म्हणून आमची जुळणी त्यांच्या दुकानात. तात्या शेतातल्या जळालेल्या मोटारी भरायचे, बापू एसटीनं पुण्याहून कॉम्प्युटरचे पार्ट आणून जोडायचा, आणि मी दोघांना शिकवायचे. म्हणजे माझा आपला तसा समज होता.

*

एका शनिवारी इंदापूरहून कांबळे सर आले. तिथं हायस्कूलला गणित शिकवायचे. त्यांच्या पत्नी सुमनबाई मोरगावकडच्या एका वाडीत प्राथमिक शिक्षिका होत्या. आठवडाभर तिकडे खोली करून राहायच्या आणि शनिवारी घरी यायच्या. अशी वर्षानुवर्षं दोघांची बदली जुळली नाही, आणि जुळायच्या आधीच बाई अचानक गेल्या. पहिल्या स्मृतिदिनाला सरांना बाईंच्या शाळेला कॉम्प्युटर द्यायचा होता. हातात दीड महिना होता.

"दीड महिना कशाला? तीन दिवसांत देतो!" बापू म्हणाला. "आत सगळे प्रोग्राम भरून देतो. माझ्याकडं एक सीडी हाय. उभ्या तालुक्याला तिच्यावरनंच टाकलंय."

"विकत घेतलेली आहे?"

बापू माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

"मग नको," सर म्हणाले. "फुकट चालेल, चोरीचं नको. तिचं नाव लागणार आहे त्याला."

चोरीचं नको आणि विकतचं कुणालाच झेपणार नाही, मग आणायचं काय? माझ्याकडे एका इंग्रजी मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी पडून होती. कॉम्प्युटर चालवणारी ही सिस्टिम कुणीही घ्यावी, दुसऱ्याला द्यावी, उघडून आत काय आहे ते बघावं. सगळं राजरोस! सरांना सांगितलं, तर त्यांचा चेहराच बदलला. "असं असतं? मग हेच पाहिजे."

तिथून आमच्या डोक्याला ताप सुरू झाला. सिस्टिम फुकट होती, पण वाटेल त्या पार्टावर ती चालायची नाही!

*

सीडीवर कोणते पार्ट चालतात त्याची यादी होती. मी ती छापून बापूच्या हातात दिली आणि त्याला पुण्याला पाठवलं. तो डिस्प्ले कार्ड घेऊन आला. खोक्यावरचं नाव यादीतलंच! कार्ड बसवलं, तर स्क्रीनवर नुसते पट्टे. दुसरं आणलं. तेच! तेव्हा कळलं, की खोकं त्याच नावाचं, पण आतली मुख्य चिप कंपनी गुपचूप बदलते.

तात्या मोटारीत तार भरत होते. मान वर न करता म्हणाले, "मोटार घेताना कुणी रंग बघतं व्हय? पाटी बघ की लेका, नंबराची पाटी!"

बापूला ते लागलं. पुढच्या खेपेला त्यानं घड्याळजीचं भिंग नेलं, आणि पुण्यातल्या दुकानदाराला एकामागून एक खोकी उघडायला लावून चिपवरचे नंबर वाचले. तिसऱ्या खोक्याला दुकानदार वैतागला, "अहो, तुम्हाला कार्ड घ्यायचंय की पोरगी बघायचीय?"

"पोरगी बघाया एवढी चौकशी लागत न्हाय," बापू म्हणाला, आणि चौथं कार्ड घेऊन आला. ते चाललं.

*

मग रॅम. बापूनं आणलेली रॅमची पट्टी आमच्या मदरबोर्डाच्या खाचेत बसेना. पट्टीची खाच थोडी अलीकडे, बोर्डावरचा उंचवटा थोडा पलीकडे. मी म्हटलं, "जाती वेगळ्या आहेत, परत कर." आणि चहा सांगायला बाहेर गेले.

परत येते, तर तात्यांनी पट्टी व्हाइसमध्ये आवळलेली आणि हातात कानस!

"तात्याऽऽ!"

"अगं ताई, एका रेघेचा तर प्रश्न हाय. घासून बशिवतो."

मी ती पट्टी अक्षरशः हिसकावून घेतली. तात्या दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आमच्याकडं न बसणारी वस्तू बसवायचे पैसे घेत्यात. तुझ्याकडं वस्तूच परत करत्यात. धंदा काय कळंना तुझा."

*

पण एक कबूल करते. तात्या नसते तर मॉनिटर गेलाच असता. लिनक्सला मॉनिटरची फ्रिक्वेन्सी आपण सांगावी लागायची. माहितीपत्रक नव्हतं. मी शहाणपणा करून अंदाजानं मोठा आकडा टाकला. स्क्रीन काळी झाली, आणि आतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मला वाटलं, चालू होतंय.

तात्या दारात कुणाशी तरी बोलत होते. तिथूनच ओरडले, "बंद कर! बंद कर! वाइंडिंग वरडतंय त्येचं!" आणि येऊन सरळ प्लगच उपटला. बारावीला फिजिक्स मी शिकले होते, तात्या सातवी नापास. त्या दिवसापासून मी त्यांना शिकवणं बंद केलं.

*

स्मृतिदिनाला तीन दिवस उरले आणि मशीन तयार झालं. सर रजा काढून आले. सगळं बघून झाल्यावर त्यांनी बापूला विचारलं, "यातली मुख्य वस्तू कुठली हो?"

"हार्डडिस्क, सर. पोरं जे लिवतील ते समदं हिच्यातच राहणार." बापूनं ती काढून दाखवली आणि तिथंच टेबलावर ठेवली. आम्ही जेवायला गेलो.

परत आलो तेव्हा सर खुशीत बसलेले. हार्डडिस्क माझ्यासमोर धरली. वरच्या चकचकीत पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांची सुरेख अक्षरं: "कालकथित सुमन कांबळे यांच्या स्मरणार्थ शाळेस भेट." खाली तारीख!

सर ती भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले होते. ताटावर, तांब्यावर नाव घालतात, त्याच थरथरत्या मशीनखाली धरून आले होते! हार्डडिस्कला साधा धक्काही सोसत नाही! आम्ही तरी जोडून बघितली. आतून टक, टक, टक... बस्स.

सरांना सांगायचं कुणी? सांगावं लागलंच नाही. गणिताचे मास्तर ते, आमची तोंडं बघूनच उत्तर कळलं. "म्हणजे मीच..." एवढंच म्हणाले, आणि उपरणं तोंडाला लावून हमसून हमसून रडले. वर्षभर हा माणूस रडला नसावा, असं ते रडणं होतं. मीही रडले.

बापू पायात चपला घालून स्टँडकडे पळाला. दुसऱ्या दिवशी नवी डिस्क घेऊन आला, आम्ही पहिल्यापासून सगळं पुन्हा भरलं. जुनी डिस्क मी बाजूला टाकायला घेतली, तर तात्यांनी हात धरला. "मशिनीत रिकामा खण हाय न्हवं? तितं बसव. वायर जोडू नगंस. बाईचं नाव बाहेर टाकायचं कशापायी?" चारही स्क्रू त्यांनी स्वतः आवळले.

*

स्मृतिदिन पार पडला. बुद्धवंदना झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, कॉम्प्युटर चालला. महिन्याभरानं बुधवारी मी, बापू आणि सर मशीन बघायला वाडीला गेलो. मधल्या सुट्टीची वेळ, पोरं पटांगणात.

सिस्टिम चालू करताना आपलं नाव टाकावं लागायचं. सरांनी एकच नाव करून ठेवलं होतं: सुमन. सगळी शाळा त्याच नावानं आत जायची. पासवर्ड पोरांनी फळ्यावरच लिहून ठेवला होता, खडूनं, मोठ्या अक्षरात!

सरांनी एका बोटानं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. स्क्रीनवर एक ओळ आली. या नावानं मागच्या वेळी कोण कधी बसलं होतं, ते लिनक्स आपणहून सांगतं. सरांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि मोठ्यानं वाचलं, "सुमन. मंगळवार. अकरा वाजून दहा मिनिटं."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. बापूनं माझा पाय दाबला.

सर स्क्रीनकडेच बघत होते. मग आम्ही ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा हसले.

"अकराची शाळा," ते म्हणाले. "दहा मिनिटं उशीर झाला तिला काल."