इतिवृत्तातून मी काढलेलं वाक्य

माझ्यापुढे ताट वाढलेलं होतं, पण त्याला हात लावायचा नव्हता. नोंद घेणाऱ्यानं जेवायचं नसतं. परदेशातल्या आपल्या वकिलातीत मी सर्वांत कनिष्ठ अधिकारी. जेवताना जे बोलणं होईल ते टिपायचं आणि संध्याकाळपर्यंत इतिवृत्त तयार करायचं, हे माझं काम.

पाहुण्यानं सहज विचारलं, "हा तरुण कोण?"

राजदूत म्हणाले, "याचा बाप आमच्या मंत्रालयात चहाचे ट्रे उचलायचा. याच्या जातीला आता सरकारी नियमानं टेबलाशी बसवावं लागतं. अक्षर मात्र सुंदर आहे हं!"

टेबल हसलं.

माझं पेन थांबलं नाही. सवयीनं मी तेही टिपलं. माझ्याच बापाबद्दलचं, माझ्याच अक्षरात.

संध्याकाळी टाइप करताना ते वाक्य काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. राजदूतांनी कागद वाचला, सही केली. "शाब्बास. काहीच सुटलं नाही."

वडील तेव्हा दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. माझी पत्रं शेजाऱ्यांना वाचून दाखवायचे. त्यांना मी लिहिलं, साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. तेवढंच लिहिलं.

पुढची तीस वर्षं असंच. स्वतः राजदूत झालो. काय गाळायचं ते मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. निवृत्त झाल्यावर दिल्लीजवळ मानेसरला कारखाना काढला. गाड्यांच्या वायरी जोडण्याचा. सफाई कामगारांच्या घरातल्या मुलींना शिकवून तिथं कामावर घेतलं. मुलाखतीत विचारायचे, मुत्सद्देगिरीतून इकडे कसे वळलात? मी वडिलांचं नाव घ्यायचो. टाळ्या पडायच्या. ते जेवण मी कधीही सांगितलं नाही.

वैशाली तिथं तपासणी विभाग सांभाळते. आपलीच, मराठी. दिल्लीत वाढलेली. तिच्या आईनं सरकारी कचेरीत झाडूकाम केलं. मला काका म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात आमचा माल घेणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीचा अधिकारी बैठकीला आला. वैशालीनं त्याच्याच ड्रॉइंगमधली चूक दाखवली. तो तिच्याशी बोललाच नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "झाडू से सीधे क्वालिटी! वाह, सर. अब ये हमें सिखाएँगी?"

मी हसलो. वातावरण निवळावं म्हणून हसतात, तसं.

दुसऱ्या दिवशी वैशालीनं लिहिलेलं इतिवृत्त माझ्या टेबलावर आलं. ते वाक्य जसंच्या तसं. खाली आणखी एक ओळ: 'यावर सर हसले.'

मी दोन्ही ओळींवर रेघ मारली.

ती कागद घेऊन परत आली. बसली नाही.

"काका, या दोन लाइन का काढल्यात?"

"मिनिट्समध्ये कामाचं तेवढंच लिहायचं असतं, बेटा."

"माझं काम कोणतं, तेच तर सांगून गेले ना ते?"

"ऑर्डर जाईल. पोरींची कामं जातील."

"अच्छा. म्हणजे पोरींसाठी हसलात?"

तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"खाली माझं नाव आहे, लिहिणारी म्हणून. तेही काढा. असली मिनिट्स माझ्या नावावर नकोत. आणि उद्यापासून मी येणार नाही."

तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. माझ्या हातात अजून पेन होतं. त्या जेवणाच्या इतिवृत्ताखालीही एक नाव होतं, लिहिणाऱ्याचं, माझं. मी ते काढायला सांगितलं नव्हतं.

दोन्ही ओळी परत घातल्या. तिच्यासमोर सही केली. कागद कंपनीला पाठवला.

दुपारी त्या अधिकाऱ्याचा फोन. "सर, वो लाइन हटवा दीजिए. मजाक था."

"नहीं हटेगी," मी म्हणालो. "मेरे हँसने वाली भी नहीं."

ऑर्डर अजून अडकलेली आहे. वैशाली कामावर येते. तिनं आभार मानले नाहीत. आता काका म्हणत नाही. सर म्हणते.

वडील गेले. राजदूतही गेले. त्या जेवणाच्या इतिवृत्ताला जबाबदार असा मी एकटाच उरलो आहे, म्हणून ते आज दुरुस्त करतो. राजदूत काय बोलले ते वर लिहिलं आहे. त्याखाली मी 'टेबल हसलं' असं लिहिलं. टेबलं हसत नाहीत. पाहुणा हसला. राजदूत हसले. आणि ज्याच्या बापाबद्दल ते बोलत होते, तो मी, मीही हसलो.

ही ओळ आता कुणी काढायची नाही. यापुढे माझ्यासमोर कुणी असं बोललं, तर ते तिथल्या तिथं, बोलणाऱ्याच्या नावासकट, लिहिलं जाईल. आणि मी हसणार नाही.