निंबाची मऊ फडकी

पांडेसऱ्यात रस्त्यावर नवं डांबर पडलं की निंबाची चांदी होते. गाड्यांच्या दारांना खालून काळे ठिपके चिकटतात, आणि ते काढण्यात निंबाचा हात धरणारा कोणी नाही.

वीस वर्षं डाइंग मिलमध्ये काढलेला हा धुळ्याकडचा माणूस आता सोसायटीच्या गाड्या पुसतो. ठिपक्यावर शेंगदाण्याचं तेल लावतो आणि बिडी संपेपर्यंत गप्प बसतो. नखसुद्धा लावत नाही. डांबर मऊ झालं की मिलच्या होजिअरीच्या फडक्याने हलकेच टिपून घेतो. खरवडलं तर रंग जातो, म्हणतो. पत्र्याला इतका जीव लावणारा हा माणूस घरी बायकोला गुरासारखं मारतो. मी भिंतीपलीकडेच राहते. त्याचं तोंड पाहिलं की माझं टाळकं सरकतं.

गेल्या मंगळवारी त्याच्या बायकोने, सरलाबाईंनी, ती फडकी धुऊन गच्चीवर वाळत घातली. इथे गच्चीवर मिलच्या चिमण्यांची राख पडते, म्हणून आम्ही सगळ्या कपडे घरातच वाळवतो. पण त्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता, डोकं चाललं नाही. राखेची कचकच फडक्यात राहिली. निंबाने डांबर टिपलं आणि लाल दारावर ओरखडे उठले. गाडीचा मालक राकेश, त्याने चारचौघांत निंबाच्या कानाखाली वाजवली. निंबा हात जोडून उभा राहिला.

घरी येऊन त्याने पाण्याचा पाइप उचलला.

“फडकासवर राख शे, दिखत नही का तुले?”

प्रत्येक शब्दाला एक फटका. कडी आतून होती. मी खलबत्त्यातला बत्ता आणला, दारावर घाव घातले, कडी निखळली. सरलाबाई भांड्यांत पडल्या होत्या, भुवई फाटलेली, उजवं मनगट वाकडं झालेलं. निंबा पुन्हा पाइप उगारत होता. मी बत्ता त्याच्या खांद्यावर हाणला. हो, हाणला, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

रिक्षात मी म्हटलं, “वहिनी, या खेपेला मोरीत पडले म्हणू नका. पुढच्या खेपेला तुम्ही उरायच्या नाहीत.”



चौकीत गुजराती हवालदाराने कागद पुढे ओढला. “कोणे मार्युं, बेन?”

सरलाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्या खानदेशातल्या जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आमच्या शेजाराच्या एकोणीस वर्षांत रेशनकार्ड असो की मतदारयादी, त्यांच्या वतीने ते नाव दुसरंच कोणी सांगायचं. बहुतेक वेळा मीच. आज मी ओठ आवळून बसले.

“नाम बोलो, बेन.”

त्यांनी पदराने भुवईवरचं रक्त पुसलं.

“निंबा,” त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, “निंबा राघो पाटील. मन्हा नवरा. लिखी ल्या.”