हळू म्हणायला ठेवलेली बाई

सकाळी सायकलवाली माणसं उठून गेली की माझ्या मोरीत बशांचा ढीग पडतो. त्यांच्या गोष्टींचंही तसंच आहे. एक विसळून ठेवावी, तोवर दुसरा कुणीतरी नवी खरकटी करून ठेवतो!

जुळे सोलापुरात माझं नाष्ट्याचं हॉटेल आहे. पहाटे लांबवर सायकल मारून आलेली ही मंडळी बाहेरच्या भिंतीला सायकली टेकवतात आणि चुरमुऱ्यांचा सुशीला, धपाटे हाणत एकच विषय चघळतात. वॅट! म्हणजे पॅडलवर कुणाचा किती जोर पडला, त्याचं माप. मी चौथी शिकले. पण आता मला झोपेतून उठवलं तरी मी वॅटवर भांडीन.

* * *

हा वॅट माझ्या हॉटेलात पहिल्यांदा आणला डॉक्टरांनी. दातांचे डॉक्टर. त्यांनी पॅडलमध्ये जोर मोजायचं यंत्र बसवून घेतलं आणि दारातूनच ओरडत आले, "मावशी, आज तासभर दोनशे वॅट!"

मी मिक्सर उलटा केला. खाली लिहिलं होतं, साडेसातशे.

"म्हंजे डॉक्टर, माझी चटणी वाटायला तुमच्यासारखे चार लागतील की!"

सगळे हसले. कांबळे सर तेवढे हसले नाहीत. सर नोकरी बँकेत करतात, पण त्यांचा सगळा जीव या मंडळींना तयार करण्यात. ते शांतपणे म्हणाले, "मावशी, जगातले पट्टीचे सायकलवाले, ज्यांचं पोटच सायकलवर आहे, तेसुद्धा तासभर चारशेच्या आसपासच टिकतात."

"मग त्यांच्यानंबी चटणी व्हायची न्हाय?"

"मिनिटभर होईल. मग आडवे पडतील."

तेव्हापासून मिक्सर लावला की मला आत दोन दमलेली माणसं दिसतात.

* * *

नुसता वॅट धरून चालत नाही म्हणे. आपल्या वजनाच्या मानानं तो किती, हे खरं. हलका माणूस चढाला पुढं जातो.

डॉक्टरांनी हे ऐकलं आणि सायकलीच्या मागं लागले. घंटी काढली, स्टँड काढला, सीट तर अशी घेतली की बघूनच दुखावं! मग बसले धपाटी खायला.

मी म्हटलं, "सायकल वाळवून काय उपेग? वरचा माल तर त्योच हाय!"

 दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांचं लोणी बंद. पुढच्या आठवड्यात हळूच म्हणाले, "मावशी, लोणी द्या. पण वेगळ्या वाटीत द्या. धपाट्यावर घातलं की ते मोजावं लागतं."

* * *

पौर्णिमा सांगोल्याकडची. इथं दवाखान्यात सिस्टर आहे. ड्युटी करून सायकलवर यायची, कोपऱ्यात बसून चहा प्यायची, कुणाशी बोलायची नाही.

सरांच्या गच्चीवरच्या खोलीत एक सायकल लोखंडी स्टँडवर अडकवलेली असते. जागेवरच पॅडल मारायचं, समोर स्क्रीनवर आकडा येतो. सरांनी एकदा तिला त्यावर बसवलं. मी डबा द्यायला वर गेले होते, म्हणून बघितलं. पोरगी शेवटी शेवटी अशी दाबत होती की स्टँड थरथरत होता. उतरली आणि भिंत धरून खाली बसली.

आकडा बघून सगळे बाप्ये गार!

डॉक्टर म्हणाले, "यंत्र बिघडलंय सर. थांबा, मी बघतो."

ते चढले. घाम गाळला. खाली उतरून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "यंत्र बरोबर आहे."

* * *

पौर्णिमाला नुसती सायकल मारायची नव्हती. तिला ती लांबची तिहेरी शर्यत करायची होती. आधी पोहणं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, आणि वर बेचाळीस किलोमीटर पळणं. हे सगळं एका दिवसात, तेही स्वखुशीनं!

सर तिला रोज एकच सांगायचे. "सायकलवाला असेल त्यानं सायकलवर सगळं उधळावं. त्याचं काम तिथंच संपतं. तुझं सायकलवरून उतरल्यावर सुरू होतं. या शर्यतीचे जगातले मोठमोठे खेळाडूसुद्धा सायकलवर हात राखूनच असतात. तुझ्या रुपयातले चार आणे खिशात राहिले पाहिजेत."

ती मान हलवायची. आणि रस्त्यावर कुणी पुढं गेलं की त्याच्या मागं सुटायची.

पहिल्या शर्यतीत तेच झालं. सायकलवर बायकांत पहिली. पळताना अर्ध्यात रस्त्यावर बसली ती बसलीच. कुणीतरी शूटिंग केलं, ते फिरत फिरत तिच्या वडिलांच्या फोनवर गेलं. आप्पा डाळिंबाची बाग टाकून पहिल्या गाडीनं आले आणि माझ्याच हॉटेलात बसून लेकीला म्हणाले, "तुला एवढी वाढवली ती डांबरावर बसाय न्हाय. आनी एकडाव बगतो. परत बसलीस, तर सायकल इकायची."

पौर्णिमा म्हणाली, "व्हय आप्पा."

चहा दोघांचाही तसाच राहिला.

* * *

मग सरांनी तालीम काढली. टेंभुर्णीच्या रस्त्याला तिला पुढं सोडायचं, आणि बाकीच्यांनी मुद्दाम टोमणे मारत तिला ओलांडायचं. तिनं हँडलवरच्या मशिनवर सरांनी ठरवून दिलेला आकडा सोडायचा नाही.

डॉक्टर जाता जाता ओरडले, "काय सिस्टर, पंक्चर का?" पोरगी दात खाऊन बसली, पण आकडा सोडला नाही. सर खूश!

तेवढ्यात मागून एक दूधवाला आला. हँडलला दोन्हीकडं किटल्या, अंगात स्वेटर, बिडी तोंडात. सरकन पुढं गेला. हे काही तिला सोसलं नाही. आकडा, सर, आप्पा, सगळं विसरून ती त्याच्या मागं! पार डेअरीच्या दारात त्याला गाठलं. तोवर तिला बोलायला श्वास उरला नव्हता.

दूधवाल्यानं सायकल लावली, सीटखालची बॅटरी काढून चार्जिंगला दिली आणि तिच्या सायकलीखाली वाकून बघत म्हणाला, "ताई, तुमची बॅटरी दिसंना कुटं. आतनं हाय का?"

* * *

हे ऐकून मीही हसले. पण त्या दिवशी भांडी घासताना विचार करत राहिले. दाब, उचल, ओढ, हे आम्हाला जन्मापासून सांगितलं. राखून ठेव, असं बाईला कधी कोण म्हणतं? घरच्यांनी म्हटलं नाही, नवऱ्यानं नाही. बाई पुरती रिकामी झाली की मगच तिला चांगली म्हणतात. ही पोर तरी वेगळं कुठनं शिकणार? तिला कुणी ओलांडलं की तिला वाटतं, आपलं काम कमी पडलं.

दुसऱ्या दिवशी सर आले. "मावशी, शर्यतीला चला. मी दुसऱ्या जागी असणार, चढाच्या डोक्यावर कुणीतरी पाहिजे. मशिनवरचा आकडा ती बघत नाही. तुमचा आवाज मात्र तिला ऐकावाच लागेल."

"मी काय म्हणायचं?"

"‘हळू’ म्हणायचं."

अख्ख्या आयुष्यात मला कुणी असलं काम दिलं नव्हतं!

* * *

शर्यत परजिल्ह्यात, धरणाच्या काठी. सायकली त्याच रस्त्यानं फेऱ्या मारणार होत्या. चढाच्या डोक्यावर मी आणि आप्पा. भोवती ही गर्दी, आणि जो तो "चल! दाब! अजून!" करून बोंबलतोय. खालून पौर्णिमा दिसली. शेजारून एक बाई तिला ओलांडत होती, आणि आमच्या पोरीचा खांदा हलायला लागला होता. तो खांदा मी ओळखते, सरांच्या खोलीत दाबताना असाच हलत होता.

मी अंगातला सगळा जोर काढून ओरडले, "हळू! पौर्णे, हळू! जाऊ दे तिला!"

सगळी गर्दी माझ्याकडं वळली. एकजण म्हणाला, "ओ बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"तिच्याच!"

पौर्णिमाचा खांदा थांबला. ती बाई पुढं गेली. मागून आणखी एक गेली. प्रत्येक फेरीला मी तेच ओरडले आणि प्रत्येक फेरीला कुणीतरी तिच्या पुढं गेलं. आप्पांनी रुमालानं तोंड पुसलं. "ताई, तुमीच तिला मागं ठिवताय की."

  मलाही तेच वाटायला लागलं होतं, तरी पुढच्या फेरीला परत ओरडले.

दुपार कलली. सायकली संपल्या, पळणं सुरू झालं. पळायचा रस्ताही तोच. नांगरलेल्या रानाला मोठा वळसा घालून तो पलीकडच्या कमानीला जायचा. तिथं शर्यत संपायची. पहिल्या बायका आल्या, त्यातली एक चालत होती. मग सकाळची ती ओलांडणारी आली, कमरेवर हात ठेवून. आप्पा मागचा रस्ता बघत उभे. 

ऊन तांबडं झालं तेव्हा शेवटच्या फेरीला पौर्णिमा आली. पळत! चढाला पळत! पुढच्या बाईला तिनं आमच्या समोर गाठलं आणि मागं टाकलं.

दिवसभराची सवय. माझ्या तोंडातून निघालंच, "हळू गं!"

"मावशी," ती न थांबता ओरडली, "आता गप बस!"

मी हसत आप्पांकडं वळले. आप्पा नव्हते. नांगरलेल्या रानातून सरळ कमानीकडं धूळ उडत चालली होती, आणि बांधावर त्यांच्या चपला तेवढ्या होत्या.